भावाला कधीच वाईट का वाटत नाही? एका ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

जळगाव जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: भाऊ अडतीस वर्षांचा, बोलायला गोड, राहायला रुबाबदार. केळीच्या व्यापारात गावातल्या शेतकऱ्यांचे पैसे बुडवले आणि सुरत गाठली. तिथेही उधाऱ्या करून परत आला. दोन लग्नं मोडली, पहिल्या बायकोपासून नऊ वर्षांचा मुलगा आहे. यंदा आखाजीला ताई माहेरी गेल्या तेव्हा कळलं की आईची सोन्याची पोत सराफाकडे गहाण पडली आहे आणि आईला त्याची खबरही नाही. विचारल्यावर भाऊ म्हणाला, "डब्यात ठेवून काय पूजा करायची होती तिची?" आणि ताट ओढून जेवायला बसला. एका डॉक्टरांनी त्याला 'सोशिओपॅथ' म्हटलं. वडील वारले आहेत. आता तो आईच्या मागे लागला आहे, शेताच्या हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून. ताईंचे प्रश्न असे: तो स्वतःला काय समजतो? आम्ही त्याला कोण वाटतो? त्याला कळत नाही की कळून-सवरून करतो? त्याला कधीतरी पश्चात्ताप होईल का? आणि भाचाही तसाच निघेल का?

ताई, मी धुळे-जळगाव पट्ट्यात बरीच वर्षं मानसोपचार करतो आहे. हे प्रश्न मला बहुतेक आया, बहिणी आणि बायकाच विचारतात. ज्याच्याबद्दल विचारायचं तो स्वतः होऊन क्वचितच दवाखान्यात येतो. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी एक सांगतो. तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला काय झालं आहे हे मी ठरवणार नाही. 'सोशिओपॅथ' हा शब्द बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत असतो, आमच्या निदानाच्या पुस्तकांत आता नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५ मध्ये (२०१३) त्याच्या जवळचं निदान म्हणजे समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार. त्यासाठी माणूस अठरा वर्षांचा पूर्ण हवा, पंधराव्या वर्षाआधीच वागणुकीचे गंभीर प्रश्न दिसलेले हवेत, आणि फसवणूक, बेजबाबदारपणा, दुसऱ्याच्या हक्कांची पायमल्ली, पश्चात्तापाचा अभाव हे सगळं एखाद्या प्रसंगापुरतं नसून वर्षानुवर्षं चाललेलं हवं. 'सायकोपॅथ' हे त्याहून अरुंद आणि जास्त थंड असं चित्र आहे. हर्वी क्लेकली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९४१ मध्ये ते रेखाटलं आणि पुढे रॉबर्ट हेअर या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी त्यासाठी वीस मुद्द्यांची, चाळीस गुणांची तपासणी तयार केली. हेअर यांची तपासणी प्रशिक्षित माणसाने लांबलचक मुलाखत घेऊन आणि जुनी कागदपत्रं वाचून करायची असते. मोबाईलवर दहा प्रश्नांची उत्तरं देऊन नवऱ्याला किंवा भावाला सायकोपॅथ ठरवू नका, एवढं हात जोडून सांगतो.

आणि हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार पुरुषांत साधारण शंभरात तिघांना आणि बायकांत शंभरात एकीला असतो, असं पाश्चात्त्य पाहण्या सांगतात. तुरुंगात प्रमाण फार वाढतं. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून 'लॅन्सेट' या नियतकालिकात २००२ मध्ये आलेल्या आढाव्यात पुरुष कैद्यांपैकी ४७ टक्क्यांना हे निदान बसत होतं. पण सिनेमातला थंड डोक्याचा खुनी डोळ्यांसमोर आणू नका. यातले बहुतेक जण कधीही कुणाचा जीव घेत नाहीत. बुडवलेली उधारी, सुटलेल्या नोकऱ्या, मोडलेले संसार आणि म्हातारपणी दागिने हरवून बसलेली आई, असा त्यांचा माग असतो.

आता तुमचा पहिला प्रश्न, तो स्वतःला काय समजतो? माझ्याकडे आलेल्या एका तरुणाची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, दोघा-तिघांचं एकत्र केलं आहे. हाही केळीच्या व्यापारातलाच. सासऱ्याने जवळजवळ धरूनच आणला होता. आत आल्या आल्या त्याने खोली नीट न्याहाळली, भिंतीवरची पदवी वाचली आणि म्हणाला, "बाहेर एवढी गर्दी बघितली तेव्हाच समजलं, माणूस खरा आहे." मी शेतकऱ्यांच्या पैशांबद्दल विचारलं. त्याने काहीही लपवलं नाही. बागा कुठल्या, कटाई कधी झाली, गाडी कुठे गेली, भाव काय लागला, सगळं तोंडपाठ. मग म्हणाला, "आठ दिवसांत देतो म्हटलं होतं मी. कागद कोणी केला? कोणीच नाही. विश्वास त्यांनी ठेवला साहेब, मी मागितला नव्हता."

मी म्हटलं, "त्यातल्या एकाने मुलीचं लग्न पुढे ढकललं."

तो क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर खाली गेली, आवाज मऊ झाला. "फार वाईट वाटलं साहेब त्याचं." शब्द बरोबर होते, चेहराही बरोबर होता, फक्त सगळं किंचित उशिरा आलं. लगेच पुढचं वाक्य होतं: "तुमची पोलीस ठाण्यात कुणाशी ओळख असेल ना?"

"विश्वास त्यांनी ठेवला" या वाक्यात त्याचं सगळं जग आहे. त्याच्या हिशोबात त्याने काही वाईट केलेलंच नाही. तो व्यवहारी आहे, डोळे उघडे ठेवून जगतो. समोरचा भोळा निघाला हा समोरच्याचा दोष. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अॅरन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माणसांच्या मनातल्या मूळ समजुती मांडल्या आहेत: मी एकटा आणि खंबीर, बाकीचे एकतर लुबाडणारे किंवा लुबाडून घेण्याच्याच लायकीचे, आणि मी आधी हात मारला नाही तर दुसरा मारेल. माझ्या खोलीत हे जवळजवळ याच शब्दांत ऐकू येतं. "सगळेच असे असतात साहेब, मी फक्त तोंडावर बोलतो." आपण प्रामाणिकपणे वागतो ते आपल्याला तसं वाटतं म्हणून, हे त्याला पटतच नाही. त्याच्या मते आपण एकतर घाबरट आहोत, नाहीतर ढोंगी.

याच्या जोडीला दुसरी कहाणी असते आणि ऐकणारा तिच्याने हमखास विरघळतो: माझ्यावरच अन्याय झाला. वडिलांनी धाकट्याला जास्त दिलं, बायकोने सासूचं ऐकलं, भागीदाराने फसवलं, गावाने बदनाम केलं. वाघही मीच आणि बकराही मीच. दोन्ही एका दमात सांगताना त्याला त्यात कसलीच विसंगती जाणवत नाही. तुमचा भाऊ आरशात बघतो तेव्हा त्याला गुन्हेगार दिसत असेल अशी कल्पना करू नका. त्याला एक हुशार, कर्तबगार माणूस दिसतो, ज्याची लोकांनी कदर केली नाही. दवाखान्यात तो स्वतः होऊन का येत नाही, त्याचं कारण हेच. बिघाड आपल्यात आहे असं त्याला वाटतच नाही.

आम्ही त्याला कोण वाटतो, असं तुम्ही विचारलं आहे. हे वाचायला जड जाईल. घरातली माणसं त्याला दिसतात, बारकाईने दिसतात. आई कशाने विरघळते, बहीण कशाला घाबरते, मामा कोणत्या शब्दाला भुलतो हे त्याला आपल्याहून चांगलं माहीत असतं. पण ती दिसतात ती उपयोगाच्या अंगाने. कोण पैसे देईल, कोण जामीन राहील, कोण गप्प बसेल. त्यात ओढ अजिबात नसते असं मी म्हणणार नाही. मालकीची भावना असते, सवय असते, कधी जिव्हाळ्यासारखं काहीतरीही असतं. पण त्याची गरज आणि तुमचं दुखणं समोरासमोर आलं की तुमचं दुखणं तराजूत पडतच नाही.

साक्रीकडची एक आई मला म्हणाली होती, "डॉक्टरसाहेब, तो मन्हाच पोऱ्या से, पन त्याले मन्हं रडनं दिसतच नही." मी तिला म्हटलं, माय, दिसतं. आपण दुसऱ्याच्या घराचं वीजबिल वाचावं तसं तो तुझं रडणं वाचतो. आकडा बरोबर कळतो, भरायचं आपल्याला नसतं.

म्हणजे तो कळून करतो का? हो, कळतं त्याला. चूक काय, बरोबर काय, कायदा काय म्हणतो, समोरच्याला काय वाटेल, हे त्याला विचारलं तर तो नीट सांगतो. नैतिक पेचांच्या चाचण्यांत सायकोपॅथीचं निदान झालेले लोक बऱ्याचदा इतरांसारखीच उत्तरं देतात. म्हणूनच न्यायालय त्याला वेडा मानत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये (आधी भारतीय दंड संहितेचं कलम ८४) सूट आहे ती आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हेच ज्याला मनोविकारामुळे उमगत नव्हतं त्याला. वाईट न वाटणं हा तिथे बचाव होत नाही. मला हे योग्य वाटतं.

पण कळणं वेगळं आणि आतून हलणं वेगळं. नेदरलँड्समध्ये झालेला एक प्रयोग, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला, मी कुटुंबांना नेहमी सांगतो. सायकोपॅथीचं निदान झालेल्या गुन्हेगारांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून हातांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या. एक हात दुसऱ्याला मायेने कुरवाळतो, दुसरीकडे फटका मारतो, तिसरीकडे झिडकारतो. आपण दुसऱ्याचा दुखावलेला हात बघतो तेव्हा आपल्या मेंदूतले स्वतःच्या वेदनेशी निगडित भागही थोडे जागे होतात, आपोआप. या लोकांत ते फार कमी झालं. मग त्यांना सांगितलं: आता समोरच्याला काय वाटत असेल ते स्वतः अनुभवायचा प्रयत्न करा. आणि इतरांशी असलेला फरक बराचसा भरून निघाला. म्हणजे क्षमता आहे, पण ती आपसूक चालत नाही. मुद्दाम ठरवलं तर चालते.

हे एकदा लक्षात आलं की घरातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. लग्न जमवताना तो इतका प्रेमळ कसा होता? पैसे हवे असले की आईचे पाय का चेपतो? त्या वेळी ते करणं त्याच्या कामाचं असतं, म्हणून त्याला ते जमतं. काम नसलं की जमवण्याचं कारण उरत नाही. "तो कधी कधी इतका चांगला वागतो, म्हणजे आत कुठेतरी चांगला आहे," या आशेवर बायका आयुष्य काढतात. ते चांगलं वागणं खोटंच असतं असं नाही. त्याच्यावर विसंबून मात्र राहता येत नाही.

दुसरा जुना प्रयोग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकन यांचा, १९५७ चा. समोर चार खटके, त्यातला बरोबर कोणता हे पावलापावलाने शिकत जायचं. तीन चुकीच्या खटक्यांपैकी एक दाबला तर विजेचा झटका बसतो. साधी माणसं खेळ शिकता शिकता झटक्याचा खटका आपोआप टाळू लागतात, मनात भीती बसते म्हणून. लिकन यांच्या मुख्य गटातले सोशिओपॅथ (तेव्हा अभ्यासातही हाच शब्द चालायचा) खेळ इतरांइतकाच शिकले, म्हणजे अक्कल कमी नव्हती. झटका टाळायला मात्र ते फारसे शिकले नाहीत. पुढच्या संशोधनात असंही दिसलं की समोर बक्षीस असलं की यांचं लक्ष त्याच्यावर खिळतं आणि बाजूने मिळणाऱ्या धोक्याच्या सूचना आतच शिरत नाहीत. गावात म्हणतात, एवढा मार खाल्ला, दोनदा कोठडीत जाऊन आला, तरी अक्कल आली नाही. अक्कल आहे. आपल्याला पुढचं पाऊल टाकताना मागचा चटका आठवतो आणि पाय थबकतो, तिथे त्याचा थबकत नाही. काळ त्याच्यासाठी फार जवळचा असतो: आज, हा आठवडा, ही गाडी, हा सौदा.

पश्चात्तापाचं उत्तर याच्यातच आहे, ताई, आणि ते सरळ देतो. यांना हळहळ वाटत नाही असं नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुगारासारखा खेळ दिला होता. डाव फसल्यावर सायकोपॅथीची लक्षणं जास्त असलेल्या लोकांनी इतरांइतकीच, उलट काहींनी जास्तच, हळहळ व्यक्त केली. पण पुढचा डाव निवडताना त्या हळहळीचा उपयोग त्यांना करता आला नाही. तुमचा भाऊ एखाद्या रात्री आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडेलही. ते अश्रू त्या क्षणापुरते खरे असू शकतात. त्यांच्यामुळे सोमवारी त्याचा हात आईच्या पिशवीकडे जायचा थांबेल, असं धरून चालू नका. तुम्ही ज्या पश्चात्तापाची वाट बघता आहात, म्हणजे चूक कबूल करणं, झालेलं भरून देणं आणि पुन्हा न करणं, तो आला तर आनंदच आहे. पण घराचे निर्णय त्याच्या भरवशावर टांगून ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावरून ही माणसं दगडाची असतात असं कुणी समजू नये. राग असतो, हेवा असतो, जिंकल्याची नशा असते, आणि कंटाळा तर जीवघेणा असतो. मी ज्यांच्याशी मोकळं बोलू शकलो त्यांच्यापैकी बहुतेकांनी एका रिकामपणाबद्दल सांगितलं. संध्याकाळ अंगावर येते, मग काहीतरी घडवावं लागतं: दारू, सट्टा, भांडण, नवी बाई, नवा धंदा. काहींच्या मागे लहानपणीचा भयंकर मार असतो. असे लोक थंड नसतात, चटकन भडकतात, आतून धास्तावलेले असतात, साध्या नजरेतही त्यांना वैर दिसतं, आणि एखाद्या मित्रासाठी जीवही टाकतात. बोलीभाषेत सोशिओपॅथ म्हणतात ते बरेचदा यांना. अपघाताने आणि आत्महत्येने जाण्याचं प्रमाण या सगळ्यांत इतरांहून जास्त आहे. भाऊ मरण्याच्या गोष्टी करत असेल तर त्याला निव्वळ नाटक समजू नका. दुसऱ्यांना वाकवायला तो ती धमकी वापरत असेल आणि ती खरीही असेल, दोन्ही एकाच वेळी शक्य आहे. अशा वेळी डॉक्टरकडे न्यायचं. हक्कसोडपत्रावर सही हा त्यावरचा उपाय नाही.

निदानाच्या आधी काही गोष्टी तपासून घ्यायलाच हव्यात. दारू किंवा नशेच्या दिवसांतच असं वागणं असेल आणि ती सुटल्यावर माणूस वेगळा असेल, तर गोष्ट निराळी. उन्मादाच्या आजारात माणूस काही आठवडे पैसे उधळतो, खोटी वचनं देतो, पण मधल्या काळात बरा असतो. डोक्याला जबर मार लागल्यानंतर स्वभाव पालटू शकतो. आणि आयुष्यभर सरळ वागलेला माणूस पन्नाशी-साठीत अचानक निर्लज्ज, बेफिकीर झाला तर आधी मेंदूची तपासणी करा, कारण एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशी होते. तुमच्या पत्रात लहानपणाबद्दल काही नाही. शाळेत असताना चोऱ्या, पळून जाणं, मुक्या जनावरांना छळणं, असं काही होतं का, हे डॉक्टर विचारतील. आठवून लिहून न्या, आणि शक्य तर आईला बरोबर न्या.

आईचं नाव काढलंच आहे तर सांगतो. अशा घरात गाव आईलाच धरतं, "लाडाने वाया गेला." तुमच्या आईलाही तसं वाटत असणार. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या स्वभावात ढोबळमानाने निम्मा वाटा जन्मजात घडणीचा दिसतो. उरलेल्यात घरातला मारझोडीचा किंवा दुर्लक्षाचा अनुभव, संगत, व्यसन, परिस्थिती असं पुष्कळ काही येतं. लाडाने सोशिओपॅथ होत नाही. त्याच हातांनी वाढवलेल्या तुम्ही आहात ना, ताई? हे आईला एकदा बसवून सांगा.

भाच्याबद्दल मला जास्त उमेद आहे. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या शेकडो मुलांचा तीस वर्षांनी माग काढून १९६६ मध्ये जे लिहिलं ते आजही टिकून आहे: मोठेपणी असे निघालेले जवळजवळ सगळे लहानपणीही तसे होते, पण लहानपणी तसे असलेल्यांपैकी बहुसंख्य मोठेपणी तसे निघाले नाहीत. मूल बापावर गेलं म्हणून त्याची वाट ठरत नाही. नऊ वर्षांचा मुलगा खोटं बोलतो, मारामारी करतो, एवढ्याने घाबरू नका. तो दुसऱ्याला दुखवून शांत असतो का, शिक्षेने त्याला काही फरकच पडत नाही का, हे बघा. तसं असेल तर मार वाढवू नका. या मुलांवर शिक्षेचा परिणाम फार कमी होतो, घरची ऊब आणि चांगल्या वागण्याला लगेच मिळणारी दाद यांचा होतो.

पारोळ्याकडच्या एका कुटुंबाने हे करून दाखवलं. दहा वर्षांचा मुलगा, वासराला चटका दिला होता. बाप पट्ट्याने मारायचा, मुलगा हूं की चूं करायचा नाही. आम्ही बापालाच शिकवलं. रोज संध्याकाळी अर्धा तास त्याच्याबरोबर गोठ्यात जायचं, वासराला वैरण टाकायला लावायचं, नीट केलं की तिथल्या तिथे पाठ थोपटायची. चुकलं की त्या दिवशीची सायकल बंद, आरडाओरडा नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. सुरुवातीचे महिने बापाला फार जड गेले. तो पोरगा आज कॉलेजात आहे. तापट आहे, पण वासराचं सांगितलं की मान खाली घालतो. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. पण या वयात प्रयत्नाला जेवढं फळ आहे तेवढं पुढे नाही.

अडतिसाव्या वर्षी काय होऊ शकतं? या स्वभावावर गोळी नाही. सोबत नैराश्य, नशा किंवा अतिभडकपणा असेल तर त्याला औषधं आहेत आणि ती द्यावीत. बोलण्याच्या उपचारांत थोडाफार फायदा होतो तो माणूस टिकून राहिला तर, आणि तिथेही सदसद्विवेकाला हाक मारून काही हाती लागत नाही. मी अशा माणसाशी त्याच्या फायद्याच्या भाषेत बोलतो. हे केलंस तर तुझं काय जाईल, हे सोडलंस तर तुला काय मिळेल. ते त्याला पोचतं. चाळिशीनंतर मारामाऱ्या, धाडसं, पोलीस प्रकरणं बऱ्याच जणांत कमी होत जातात. आतला थंडपणा आणि नात्यांतला कोरडेपणा तेवढा कमी होत नाही.

तुम्हीही हीच भाषा वापरा. "आईला किती वाईट वाटतंय बघ" हे वाक्य आता बंद करा. त्याने तो बदलत नाही, उलट आईला कुठे दाबायचं ते त्याला आयतं कळतं. त्याऐवजी छोटं, ठरलेलं, पाळता येईल असं बोला: पैसे रोख मिळणार नाहीत, दवाखान्याचं बिल आम्ही थेट भरू. पोत सोडवून आणलीस तर पुढचं बोलू. मग कितीही गोड बोलला, कितीही चिडला, तरी तेच. घरातल्या सगळ्यांनी एकच सांगायचं, कारण फट राहिली की तो तिथूनच शिरतो. अंगावर धावून येत असेल तर आई आणि तुम्ही दोघींनाही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण मागता येतं. आणि नातेवाईक म्हणतील, "तिसरं लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल." हे करू नका. दोन बायकांनी जे भोगलं ते ठाऊक असताना तिसरीच्या आईबापांपासून लपवायचं, याला मी पाप म्हणतो.

आता सहीचं. आईने हक्कसोडपत्रावर सही करू नये. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असतं, एकदा झालं की रद्द करायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. वडिलोपार्जित शेतात तुमचाही भावाइतकाच हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये तो जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं. सातबारा काढून आईचं आणि तुमचं नाव लागलं आहे का बघा. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची, नोटीस आली तर मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. आईला पुढेमागे काही द्यायचंच असेल तर बक्षीसपत्रात 'माझा सांभाळ करण्याच्या अटीवर' असं लिहून घ्या. ती अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) दाद मागता येते, अट लिहिलेली नसली की ते फार अवघड होतं. हे सगळं एका वकिलाला दाखवून घ्या, आणि तो वकील भावाने सुचवलेला नसावा.

आई रात्री झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, तर तिची तपासणी भावाच्या आधी करा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत, मोफत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही लावा आणि बोलणं सुरू झालं की मोबाईल आईच्या हातात द्या.